स्विचला एसीएल लावताना स्वतःच दाराबाहेर राहाल: या चुका टाळा

रात्री साडेदहाला चाकणच्या एका कारखान्यातल्या सिस्को स्विचवर मी घरूनच एसीएल (कोणत्या पत्त्यावरून आत येऊ द्यायचं याची यादी) लावली, एन्टर मारलं आणि खुशीत खिडकी बंद केली. सहज पुन्हा लॉगिन करून बघावं म्हटलं, तर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. स्विच चालू, पोर्ट चालू, कारखान्याची रात्रपाळीही चालू. दार बंद होतं ते फक्त मला. स्विचला थेट जोडायची निळी कन्सोल केबल शोधली, पुण्याहून निघालो, गेटवरच्या रजिस्टरात सही केली आणि रॅकपुढे उकिडवा बसलो तेव्हा पाऊण वाजला होता.

चूक एका ओळीची होती. ‘परमिट १०.२०.३०.०’ लिहून पुढे मी सवयीने २५५.२५५.२५५.० टाकलं होतं. दिवसभर सिस्कोच्याच एएसए फायरवॉलवर काम केलं होतं आणि तिथे सबनेट मास्कच चालतो. आयओएसच्या (सिस्को स्विचच्या सॉफ्टवेअरच्या) एसीएलमध्ये मात्र उलटा, म्हणजे वाइल्डकार्ड मास्क लागतो: ०.०.०.२५५. त्यात ० म्हणजे आकडा जुळलाच पाहिजे, २५५ म्हणजे काहीही चालेल. गंमत अशी की स्विच कुरकुर न करता चुकीचा मास्कही घेतो. त्याच्या लेखी अर्थ होतो, ‘पहिले तीन आकडे काहीही असोत, शेवटचा शून्य हवा’. असा पत्ता आपल्या लॅपटॉपला कशाला असेल! ‘शो ॲक्सेस-लिस्ट्स’ मारलं असतं तर १०.२०.३०.० च्या जागी ०.०.०.० दिसलं असतं आणि तिथेच चूक लक्षात आली असती. यादीच्या शेवटी न दिसणारा ‘डिनाय’ (नाकारा) असतोच, त्यामुळे यादीत न बसणारा प्रत्येक जण बाहेर.

दुसरी चूक त्याहून बावळटपणाची, खिडकी बंद करण्याची. ‘ॲक्सेस-क्लास’ची (लॉगिनला यादी लावणाऱ्या ओळीची) तपासणी फक्त नव्या कनेक्शनला होते, आधीचं सेशन तुटत नाही. म्हणून जुनी खिडकी तशीच ठेवायची आणि दुसऱ्या खिडकीतून लॉगिन जमतंय का ते बघायचं. नाही जमलं तर जुन्या खिडकीतून ओळ काढून टाकायची. मात्र मध्येच चहाला जाऊ नका. व्हीटीवाय लाइन, म्हणजे दुरून लॉगिन करायची स्विचमधली वाट, मुळात १० मिनिटं काही टाइप केलं नाही की आपोआप बंद होते.

यादीत कोणता पत्ता घालायचा हे लॅपटॉपवर बघून ठरवू नका. व्हीपीएन किंवा नॅट (वाटेत पत्ता बदलणारी सोय) मध्ये असेल तर स्विचला वेगळाच पत्ता दिसतो. स्विचवरच ‘शो युजर्स’ मारा. ज्या ओळीपुढे चांदणी आहे ती तुमची, आणि तिथे दिसणारा पत्ता खरा. याच वेळी कॉन्फिगचा बॅकअप घेणारा सर्व्हरही आठवा. तोही एसएसएचनेच (तुमच्यासारखंच दुरून लॉगिन करून) आत येतो. तो यादीत राहून गेला तर कोणी ओरडत नाही. स्विच जळतो त्या दिवशी कळतं की शेवटचा बॅकअप गेल्या दिवाळीचा आहे.

चालू यादीत बदल करताना आणखी एक जुना सापळा आहे. क्रमांकाच्या यादीतली एक ओळ काढायला ‘नो ॲक्सेस-लिस्ट १० परमिट…’ असं लिहिलं की ती ओळ नाही, अख्खी यादी १० उडते. मग ‘ॲक्सेस-क्लास’ नुसत्या नावाला उरतो आणि सगळ्यांना दार सताड उघडं. घाबरून नवी यादी टाइप करायला घेतली की पहिल्याच ओळीनंतर शेवटचा ‘डिनाय’ जागा होतो, आणि त्या ओळीत तुम्ही नसाल तर नवं लॉगिन बंद. ‘आयपी ॲक्सेस-लिस्ट स्टँडर्ड १०’ मध्ये शिरून ओळीच्या अनुक्रमांकाने काढा, तेवढीच ओळ जाते.

‘लाइन व्हीटीवाय ० ४’ वर एसीएल लावून समाधान मानणारे तर पावलोपावली भेटतात. त्या फक्त ५ लाइन झाल्या. ‘५ १५’ च्या ११ मोकळ्याच राहतात, आणि आलेलं कनेक्शन कोणत्या लाइनवर बसेल हे आपल्या हातात नसतं. सगळ्यांना एकच नियम लावा. आणि ‘इन’च्या जागी ‘आउट’ लिहू नका. ‘आउट’ने स्विचमध्ये शिरलेला माणूस तिथून पुढे कुठे जाऊ शकतो तेवढंच ठरतं.

आयपीव्ही६ चालू असेल तर त्याचा ‘ॲक्सेस-क्लास’ वेगळा लावावा लागतो. एसएनएमपीला (स्विचवर दुरून नजर ठेवायच्या सोयीला) कम्युनिटीच्या, म्हणजे तिच्या पासवर्डच्या, ओळीतच यादीचा क्रमांक जोडायचा, कारण ते व्हीटीवायमधून जातच नाही.

स्विचचं वेब पानही व्हीटीवायमधून जात नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयओएस एक्सईच्या (आयओएसच्या नव्या रूपाच्या) वेब यूआयमधलं, म्हणजे त्या वेब पानातलं, भोक उघड झालं, सीव्हीई-२०२३-२०१९८. लॉगिन न करताच पूर्ण अधिकाराचं खातं तयार करता येत होतं. तुमची व्हीटीवायवरची एसीएल तिथे काय करणार? वेब पान लागत नसेल तर ‘नो आयपी एचटीटीपी सर्व्हर’ आणि ‘नो आयपी एचटीटीपी सिक्युअर-सर्व्हर’ हे दोन्ही मारा, एकाने भागत नाही. स्मार्ट इन्स्टॉलची, म्हणजे नवा स्विच दुरून आपोआप सेट करायच्या सोयीची, गोष्ट तशीच. एप्रिल २०१८ मध्ये त्याच्या ४७८६ पोर्टमधून शिरून हल्लेखोरांनी इराणमधल्या स्विचांचं कॉन्फिग पुसलं आणि मागे अमेरिकेचा झेंडा ठेवला, ‘आमच्या निवडणुकांच्या वाटेला जाऊ नका’ अशा मजकुरासकट. इराणच्या मंत्रालयाने आपल्याकडचा आकडा ३,५०० सांगितला होता. जुन्या स्विचवर ‘नो व्हीस्टॅक’ मारायला काही सेकंद लागतात.

लांबच्या स्विचवर हात घालण्याआधी परतीची सोय करा. ‘रीलोड इन १०’ सगळ्यांना माहीत असतं: दहा मिनिटांनी स्विच आपोआप पुन्हा सुरू होतो आणि सेव्ह न केलेले बदल जातात. ते बदल करण्याआधी मारा. बदल केल्यावर मारलंत तर स्विच विचारतो, ‘कॉन्फिगरेशन बदललंय, सेव्ह करू?’ हात सवयीने ‘येस’ म्हणतो, आणि दहा मिनिटांनी स्विच तीच चुकीची एसीएल घेऊन पुन्हा उठतो. शिवाय रीलोड म्हणजे फोन, कॅमेरे सगळेच काही मिनिटं खाली. ‘आर्काइव्ह’ (कॉन्फिगची प्रत ठेवणारी सोय) आधीच लावून ठेवलं असेल तर मी आता ‘कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर ५’ वापरतो. पाच मिनिटांत ‘कॉन्फिगर कन्फर्म’ दिलं नाही तर कॉन्फिग आपोआप मागे जातं, स्विच बंद न होता.

एवढं करूनही कोणाला आत येता येत नसेल तर अंदाज बांधत बसू नका. यादीच्या शेवटी स्वतःहून ‘डिनाय एनी लॉग’ लिहा, त्याला पुन्हा एकदा प्रयत्न करायला सांगा आणि ‘शो लॉगिंग’ बघा. नाकारलेला पत्ता तिथे दिसतो, आणि बहुतेक वेळा तो त्याने फोनवर सांगितलेला नसतो.