वॉरहॅमरच्या पहिल्या टूर्नामेंटला जाताय? आधी घड्याळ आणि स्कोअर सांभाळायला शिका

वॉरहॅमर ४०के ह्या छोट्या मॉडेल्सच्या, टेबलावर खेळायच्या युद्धखेळाची पहिली टूर्नामेंट खेळायला निघालेले बरेचजण महिनाभर नुसतं लिस्टवर (आर्मीत काय घ्यायचं ती यादी) डोकं खपवतात, हे युनिट (मॉडेल्सचा गट) घेऊ की ते घेऊ, आणि त्या नादात गेम पूर्ण खेळायची प्रॅक्टिस राहूनच जाते. म्हणजे पाचच्या पाच राउंड (एका राउंडमध्ये दोघांचा एकेक टर्न), समोर कधी न भेटलेला माणूस, आणि शेजारी घड्याळ चालू. मी इंग्लंडमध्ये राहतो, हा खेळ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं हेडऑफिस नॉटिंगहॅमला आहे आणि इथे इव्हेंट्सना तोटा नाही, तर खेळून आणि बघून माझं मत पक्कं झालंय की नवीन माणसाचे गेम दान वाईट पडलं म्हणून फार कमी जातात, वेळ संपला किंवा स्कोअरकडे लक्षच नव्हतं म्हणून जास्त जातात. खाली लिहितोय ते सगळं दहाव्या एडिशनच्या (२०२३) नियमांवरून आहे, २००० पॉइंट्सचा गेम (सगळ्या युनिट्सची किंमत मिळून एवढी) धरून. एडिशन बदलली की आकडे बदलतात, तेवढे आपापले तपासून घ्या.

आधी वेळेचं बोलू कारण ह्याची तयारी घरी करता येते आणि तरी कोणी करत नाही. टूर्नामेंटच्या एका राउंडला, म्हणजे एका पूर्ण गेमला, साधारण तीन तास मिळतात, काही ठिकाणी थोडे कमी. त्यातली वीसेक मिनिटं लिस्ट दाखवणं, मिशन वाचणं, मॉडेल्स मांडणं ह्यातच जातात. उरलेला वेळ दोघांत वाटला की प्रत्येकाला जेमतेम ८० मिनिटं, म्हणजे एका टर्नला सरासरी १६. पण सरासरीवर जाऊ नका, कारण पहिल्या दोन टर्नला टेबलावर सगळी मॉडेल्स असतात, सगळं हलवायचं असतं, सगळ्यांनी गोळ्या झाडायच्या असतात, तिथे २५ मिनिटं सहज जातात आणि पाचव्या टर्नला दहात काम होतं. घरी मोबाइलवर चेस क्लॉकचं फुकट ॲप टाका आणि मित्राबरोबर तसाच पूर्ण गेम खेळा, मध्ये चहा नाही, "हे आपण नंतर बघू" नाही. तिसऱ्या टर्नला "तू जिंकलास, उचल" म्हणून थांबायची सवय असेल ना तर ती आधी मोडा, कारण चौथ्या आणि पाचव्या टर्नला आपली आर्मी कशी खेळते हे त्यामुळे कधी कळतच नाही, आणि टूर्नामेंटमध्ये घासून चाललेले गेम तिथेच फिरतात.

घड्याळ वापरायची एक पद्धत आहे. ज्याला निर्णय घ्यायचाय किंवा फासे टाकायचेत त्याच्याकडे वेळ चालू. म्हणजे माझा शूटिंग फेज चालू आहे पण समोरच्याला २० सेव्ह (मार वाचवायचे फासे) टाकायचेत, तर घड्याळ त्याच्याकडे. हे गेमच्या आधी बोलून घ्या, नंतर मधेच बटण दाबलं की समोरच्याला उगाच राग येतो. वेळ संपल्यावर काय होतं हे इव्हेंट पॅकमध्ये (आयोजकांच्या नियमपत्रकात) लिहिलेलं असतं, बहुतेक ठिकाणी वेळ संपलेल्या माणसाला हालचाल किंवा शूटिंग काही करता येत नाही, फक्त सेव्ह टाकायचे आणि हातात असलेल्या ऑब्जेक्टिव्हचे (टेबलावरच्या ताब्यात घ्यायच्या जागांचे) पॉइंट्स घ्यायचे. ते पॅक शांतपणे पूर्ण वाचा, टेरेनचे (टेबलावरच्या इमारती वगैरेंचे) नकाशे पण त्यातच असतात.

म्हणून माझा सल्ला, पहिल्या टूर्नामेंटला मॉडेल्स कमी असलेली आर्मी न्या. वीस-वीस बॉइजचे (साध्या ऑर्क सैनिकांचे) चार गट घेऊन ऑर्क्स खेळायला मजा येते पण ८० मॉडेल्स दर टर्नला हाताने हलवायची म्हणजे वेळ तिथेच संपला. आणि विचार समोरच्याच्या टर्नमध्ये करा, तो हलवत असताना मोबाइल बघत बसू नका, तेवढ्यात आपली पुढची चाल ठरवून टाका.

आता स्कोअर. १०० पैकी ५० प्राइमरी (मुख्य) मिशनचे, ४० सेकंडरीचे (जोडीच्या छोट्या कामांचे) आणि १० चक्क रंगवलेल्या आर्मीचे. ते १० फुकटचे आहेत, मेन कलर्स लावलेले हवेत आणि बेस पूर्ण हवा बस, फार कलाकारी लागत नाही, पण आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून रंगवू नका, कारण सकाळी डोकं चालत नाही आणि ते महागात पडतं. प्राइमरी समजायला टेक अँड होल्ड हे मिशन घ्या, दुसऱ्या राउंडपासून प्रत्येक ऑब्जेक्टिव्हचे ५, एका टर्नला जास्तीत जास्त १५. म्हणजे समोरच्याची अर्धी आर्मी मारली पण तुम्ही एकाच ऑब्जेक्टिव्हवर बसलात तर तुम्हाला ५ आणि तो तीन ऑब्जेक्टिव्हवर बसलाय तर त्याला १५. दोन टर्न असं झालं की २० पॉइंट्सचा फरक, तो मारामारी करून भरून निघत नाही.

इथे एक गोष्ट नवीन लोकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे ऑब्जेक्टिव्ह कंट्रोल, प्रत्येक मॉडेलचा ताब्याचा आकडा; ज्याची बेरीज जास्त त्याचं ऑब्जेक्टिव्ह. पाच इंटरसेसर्सचं (स्पेस मरीन्स आर्मीतलं पायदळ) साधं युनिट, प्रत्येकी २ म्हणजे एकूण १०. आणि लँड रेडर, एवढा भलामोठा महागडा टँक, त्याचा ५. टँक समोर उभा असला तरी ऑब्जेक्टिव्ह त्या पाच जणांचं! पण तेच युनिट बॅटलशॉक (धीर सुटतो का त्या) टेस्टला नापास झालं की आकडा शून्य. त्यामुळे दर कमांड फेजला (टर्नच्या सुरुवातीला) निम्म्याच्या खाली आलेली युनिट्स बोट ठेवून शोधा, आपलीही आणि त्याचीही, टेस्ट विसरली तर चुकीचे पॉइंट्स लिहिले जातात आणि मग दोन टर्ननंतर वाद.

सेकंडरीसाठी टॅक्टिकल कार्ड्स घेतली तर दर टर्नला दोन कार्ड्स हातात हवीत, कुठे बिहाइंड एनिमी लाइन्स येणार म्हणजे त्याच्या डिप्लॉयमेंट झोनमध्ये (सुरुवातीला मॉडेल्स मांडायच्या त्याच्या पट्ट्यात) शिरा, कुठे एंगेज ऑन ऑल फ्रंट्स म्हणजे टेबलाच्या चार भागांपैकी वेगवेगळ्या भागांत माणसं हवीत. ह्या कामांना भारी युनिट लावायचं नाही. लिस्टमध्ये दोन-तीन स्वस्त, चपळ युनिट्स फक्त ह्यासाठी ठेवा, स्पेस मरीन्समध्ये स्काउट्स किंवा जंप पॅक इंटरसेसर्स. कबड्डीत चढाईला गेलेला गडी बोनस घेऊन परत आला की कोणाला बाद न करता गुण मिळतो ना, तसंच ह्यांचं काम. आणि जे कार्ड ह्या टर्नला होणारच नाही त्याच्यामागे धावू नका, आपल्या टर्नच्या शेवटी टाकून दिलं तर एक कमांड पॉइंट (री-रोलसारख्या डावपेचांवर खर्चायचा) मिळतो. दुसऱ्या नंबरवर खेळत असाल तर बहुतेक मिशन्समध्ये पाचव्या राउंडची प्राइमरी तुमच्या टर्नच्या शेवटी मोजतात, म्हणजे एक चपळ युनिट तोपर्यंत जिवंत ठेवलं तर शेवटच्या क्षणी ऑब्जेक्टिव्हवर उडी मारून ५ पॉइंट्स काढता येतात, त्याला उत्तर द्यायला समोरच्याकडे टर्नच उरत नाही.

डिप्लॉयमेंटचं थोडक्यात. मांडताना पहिला टर्न कोणाचा हे माहिती नसतं, तो रोल नंतर होतो. म्हणून कायम आपण दुसरे आहोत असं धरून मांडा, महागडं सगळं रुइन्सच्या (पडक्या इमारतींच्या) मागे, जिथून त्याच्या तोफांना दिसणार नाही तिथे. जास्तीत जास्त काय होईल, पहिला टर्न मिळाला तर थोडं मागून निघावं लागेल. उलट झालं तर पहिल्याच टर्नला ५०० पॉइंट्स साफ.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, तोंडाने बोलत खेळणं. इथल्या चांगल्या खेळाडूंचं मला हे फार आवडतं, आणि हे शिकायला पैसे लागत नाहीत. मॉडेल हलवायच्या आधी आपला हेतू सांगायचा. उदाहरण सांगतो. मला पाच माणसं एका रुइनच्या मागे लपवायचीत, समोरच्याचा टँक तिरका उभा आहे. मी नुसती ठेवून "झालं" म्हटलं तर त्याच्या टर्नला तो खाली वाकून म्हणणार की ह्या कोपऱ्यातून एकाचं डोकं दिसतंय, मी म्हणणार नाही दिसत, आणि मॉडेल तोपर्यंत दोन मिलिमीटर हललेलं असणार. त्याऐवजी ठेवतानाच म्हणायचं, "ह्या पाचही जणांना तुझ्या त्या टँकवरून दिसू नये अशी ठेवतोय, बघून घे." तो वाकतो, लेझर लाइन टाकतो, म्हणतो ह्या एकाला थोडं आत घे, मी घेतो, "ओके, दिसत नाहीत." विषय संपला. मग पुढच्या टर्नला धक्का लागून मॉडेल सरकलं तरी दोघांना माहितीये काय ठरलं होतं. ९ इंचाच्या बाबतीत पण तेच, डीप स्ट्राइकने (राखीव युनिट थेट टेबलाच्या मध्ये) उतरताना "तुझ्यापासून ९ इंचाच्या जरा बाहेर" असं म्हणून दोघांनी मिळून टेप धरायची.

गेम सुरू व्हायच्या आधी समोरच्याला सरळ विचारा, लाजू नका, सगळ्या आर्मी कोणालाच पाठ नसतात. माझ्या टर्नमध्ये तुझं कोण हलू शकतं? कोण न बघता शूट करतं? कोणाला फाइट फर्स्ट (हातघाईत आधी मारायची मुभा) आहे? रिझर्व्हमध्ये (टेबलाबाहेर राखून) काय आहे आणि कुठून येऊ शकतं? पूर्ण गेममध्ये एकदाच करता येईल असं तुझ्याकडे काय आहे? ह्या शेवटच्या प्रश्नावर ऑर्क्सवाला तुम्हाला वाऽऽघबद्दल सांगेल, की त्या टर्नला त्याची पोरं ॲडव्हान्स करूनसुद्धा (जास्तीचं पळूनसुद्धा) चार्ज करतात, म्हणजे हातघाईला येऊन भिडतात, आणि हे आधी कळलं की तुम्ही पहिल्या टर्नपासूनच अंतर राखून उभे राहता. आणि तुमच्याबद्दल असंच सगळं न विचारताही सांगून टाका. समोरच्याला अंधारात ठेवून जिंकलेल्या गेमला मी तरी जिंकणं म्हणत नाही.

थोडं गणित. चार्ज किती इंच जाईल हे दोन फाशांच्या बेरजेवर ठरतं. दोन फाशांवर ९ किंवा जास्त यायची शक्यता ३६ पैकी १०, म्हणजे २८ टक्के. डीप स्ट्राइकने उतरून लगेच चार्ज म्हणजे हाच रोल. एक कमांड पॉइंट खर्चून री-रोल ठेवला तरी ४८ टक्के, म्हणजे छापा-काटा सुद्धा नाही. तेच ७ इंचाचा चार्ज असेल तर ५८ टक्के. म्हणून प्लॅन ९ इंचाच्या चार्जवर उभा करू नका, लागला तर बोनस समजा. गेमनंतर "दान पडलं असतं तर जिंकलो असतो" असं खूप ऐकू येतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी मुळात २८ टक्क्यांवर सगळं लावलेलं असतं. उलट बाजूने, समोरचा डीप स्ट्राइक करणार असेल तर मागे एक-दोन स्वस्त युनिट्स पसरून ठेवा, प्रत्येक मॉडेलभोवती ९ इंचाचं वर्तुळ त्याला बंद होतं. टेबल ६० बाय ४४ इंचाचं, मागचा पट्टा झाकायला दोन छोटी युनिट्स पण पुरतात.

वाद झालाच तर जज्जला बोलवा आणि लवकर बोलवा. घड्याळ थांबवा, दोघांनी एकेका वाक्यात सांगा काय झालं, जज्ज जे म्हणेल ते मान्य करून पुढे चला. जज्जला बोलावणं म्हणजे समोरच्यावर चीटिंगचा आरोप नाही, इथे कोणी तसं घेत पण नाही. दहा मिनिटं आपापसात मोबाइलवर नियम शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सामानाचं. मॉडेल्सच्या बेसला खाली मॅग्नेट चिकटवा आणि प्लास्टिकच्या डब्यात तळाला लोखंडी पत्रा, ट्रेनने जा नाहीतर बसने, हलत नाहीत. भारतातून आर्मी घेऊन येणार असाल तर डबा हँडबॅगेजमध्येच, कटर मात्र चेक-इनमध्ये. टेबलावरून टेबलावर जायला एक मोठा ट्रे हवाच, राउंड संपल्यावर पुढच्या टेबलावर दहा मिनिटांत पोचायचं असतं. सुपरग्लू, दोन टेप, एकसारख्या फाशांचा सेट, लिस्टची छापील प्रत, पॉवरबँक. आणि चांगले बूट! एका दिवशी तीन गेम म्हणजे जवळजवळ नऊ तास उभं राहायचंय. पाणी न्या, खायला कोरडं काहीतरी न्या, घरचा चिवडा मस्त पण चमच्याने खा, तेलकट हातांनी रंगवलेली मॉडेल्स धरली की कडांचा रंग निघायला लागतो.

पहिला गेम हरलात तर लगेच तोंड पाडून बसू नका, पेअरिंग स्विस पद्धतीने असतं, जिंकलेले जिंकलेल्यांशी आणि हरलेले हरलेल्यांशी, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या गेमपर्यंत तुमच्याच तोडीचा माणूस समोर येतो आणि मला तरी तेच गेम सगळ्यात रंगतदार वाटतात. हात मिळवल्यावर मॉडेल्स उचलायच्या आधी समोरच्याला एकच प्रश्न विचारा, "माझ्या हातून गेम नेमका कुठल्या टर्नला गेला?" लोक खूप मोकळेपणाने सांगतात, टेबलावर बोट ठेवून दाखवतात की हे युनिट इथे न येता तिथे गेलं असतं तर मी अडकलो असतो. ते तिथल्या तिथे फोनमध्ये लिहा, संध्याकाळपर्यंत तीन गेम डोक्यात एकमेकांत मिसळतात. आणि पुढच्या इव्हेंटला लिस्ट लगेच उलटीपालटी करू नका, तीच लिस्ट अजून काही गेम खेळा, फक्त लिस्ट जमा करायच्या तारखेआधी मुनिटोरम फील्ड मॅन्युअलमधले ताजे पॉइंट्स एकदा बघा, मध्येच बदल आलेला असतो आणि २००० पॉइंट्सची लिस्ट २०१५ पॉइंट्सची होऊन बसते.