गेमची तक्रार कशी लिहावी: चार वर्षं तिकिटं वाचलेल्या मावशीकडून

मागच्या मे महिन्यात रात्री अकराला कराडहून भाच्याचा फोन आला. "मावशी, तू त्या गेमवाल्यांकडे कामाला होतीस ना? माझे ७९९ रुपये परत मिळवून दे." सुट्टीत खेळायला म्हणून घेतलेला कॉम्प्युटरवरचा गेम तिसऱ्या प्रकरणातल्या पुलावर पोचला की बंद पडत होता. तक्रार केलीस का, म्हटलं. केली होती. वाचून दाखव म्हटलं तर वाचली: "एकदम फालतू गेम. सारखा क्रॅश. चोर कंपनी. पैसे परत द्या." पुढे रागाने लाल झालेले सात चेहरे.

मला हसू आलं, कारण असली तिकिटं (सपोर्टच्या भाषेत गिऱ्हाइकाची प्रत्येक तक्रार म्हणजे तिकीट) मी चार वर्षं वाचली आहेत. खराडीतल्या एका ऑफिसात, रात्रपाळीला. परदेशी कंपन्यांच्या गेमचा सपोर्ट तिथून चालायचा. एका पाळीत साधारण ऐंशी तिकिटं, म्हणजे एकाला जेमतेम सहा मिनिटं, त्यातच चहा. भाच्यासारखं तिकीट आलं की 'क्रॅश, इतर' असा टॅग मारायचा, 'ड्रायव्हर अपडेट करा, गेम पुन्हा इन्स्टॉल करा' हे तयार उत्तर चिकटवायचं आणि पुढचं उघडायचं. त्यात आमचा खडूसपणा नव्हता. त्या तिकिटात मला करण्यासारखं काही नव्हतंच.

तेव्हा आधी हे समजून घ्या की तुमची तक्रार वाचणाऱ्याने गेम बनवलेला नसतो. बनवणाऱ्याचं तोंडही त्याने पाहिलेलं नसतं. त्याच्या हातात तीनच गोष्टी असतात: तयार उत्तर, ठरावीक रकमेपर्यंतचा रिफंड, आणि तिकीट वर पाठवणं. वर पाठवायचं तर आम्हाला एक फॉर्म भरावा लागायचा. कोणता फोन किंवा कॉम्प्युटर, गेमचं व्हर्जन कोणतं, नेमकं कुठे, काय काय कोणत्या क्रमाने केलं की बिघडतं, दहापैकी किती वेळा, आणि खरं काय व्हायला हवं होतं. हे रकाने तिकिटातूनच भरता आले तर दोन मिनिटांत काम व्हायचं. नाही आले तर उलट विचारायचं, गिऱ्हाइकाचं उत्तर येईपर्यंत वाट बघायची, आणि तोवर मुदत संपून तिकीट आपोआप बंद.

भाच्याला म्हटलं, फोन ठेवू नकोस, गेम चालू कर. पुलावर जा. सेव्ह कधी केलं होतंस? पहारेकऱ्याशी बोलताना. बरं, आता बोलणं संपल्यावर सेव्ह करून बघ. "मला काय टेस्टिंगचा पगार मिळतो का?" असं तो करवादला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. पैसे मोजून वर फुकट राबायचं हा या धंद्याचा नेहमीचा उफराटा न्याय आहे. पण राबला. साडेबाराला जे तयार झालं ते असं:

"तिसऱ्या प्रकरणात पुलाच्या मधोमध पहारेकऱ्याशी बोलणं चालू असताना सेव्ह केलं आणि तोच सेव्ह पुन्हा उघडला की गेम बंद होतो. पाच वेळा केलं, पाचही वेळा झालं. बोलणं संपल्यावर सेव्ह केलं तर होत नाही. विंडोज ११, रॅम १६ जीबी, गेमचं व्हर्जन १.०.४. बावीस सेकंदांचा व्हिडिओ जोडला आहे."

यातलं 'तर होत नाही' हे वाक्य सोन्याचं आहे. बिघाड कुठे होतो हे सगळेच सांगतात. कुठे होत नाही हे सांगितलं की प्रोग्रामरचं निम्मं शोधकाम वाचतं. (भाच्याने हे इंग्रजीत लिहिलं, तोडकंमोडकं. चालतं. व्याकरणाचे मार्क कोणी कापत नाही.) एका तिकिटात एकच बिघाड लिहा. तीन लिहिले तर तिन्हींना मिळून एकच टॅग लागतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

शिव्यांबद्दलही सांगून टाकते. एका गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेले होते आणि वस्तू मिळाली नव्हती. तक्रार शंभर टक्के खरी. पण पलीकडे कोणीतरी गोरा बसलाय अशा समजुतीने त्याने इंग्रजी मजकुराखाली अस्सल मराठीत माझ्या आख्ख्या खानदानाचा उद्धार केला होता. मी साताऱ्याची. प्रत्येक शिवीचं कुळगोत्र मला कळत होतं. पैसे मी परत केले, पण शिवीगाळीचं तिकीट नियमाने आधी सुपरवायझरकडे जायचं, त्यात त्याचे चार दिवस गेले. साधं लिहिलं असतं तर त्याच रात्री काम झालं असतं.

पैसे परत हवे असतील तर मात्र घड्याळ वेगळं असतं. बिघाड दुरुस्त होईल या आशेवर थांबलात की मुदत निघून जाते. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर कारण काहीही असो, रिफंड मिळतो. भाचा अकरा तास खेळून बसला होता, त्यामुळे तो रस्ता बंद. गुगल प्लेवर पहिल्या ४८ तासांत गुगलकडेच मागता येतो, नंतर गेमवाल्यांची दाढी धरावी लागते. बँकेत जाऊन व्यवहारच उलटवून घेणं हा अगदी शेवटचा उपाय ठेवा. त्यापायी गेमचं अख्खं खातं बंद होऊन आधी घेतलेले सगळे गेमही अडकू शकतात.

स्टीमचा हा रिफंड आभाळातून पडलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीला कोर्टात खेचलं, कारण गेम सदोष निघाला तरी पैसे परत मिळणार नाहीत असं कंपनी तिथल्या गिऱ्हाइकांना सांगत होती. खटला चालू असतानाच जून २०१५ मध्ये स्टीमने जगभर रिफंड सुरू केला. डिसेंबर २०१६ मध्ये कोर्टाने ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंडही ठोठावला.

तक्रारींनी हा धंदा सुधारतो का, असं मला कोणी विचारलं की मी म्हणते, तक्रार कोणाच्या हातात पडते त्यावर आहे. सपोर्टवाल्याला भरलेला फॉर्म हवा. कंपनीला विक्री बुडण्याची भीती हवी. सरकारी यंत्रणेला कागद हवा. एपिक गेम्स कंपनीचं बघा. तिच्या 'फोर्टनाइट' या गेममध्ये बटणांची मांडणी अशी होती की एक चुकीचं बटण दाबलं तरी खरेदी व्हायची. गेम लोड होताना किंवा स्लीप मोडमधून जागा होतानासुद्धा पैसे कापले जायचे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या म्हणण्याप्रमाणे अशा चुकीच्या वसुलीच्या १० लाखांहून जास्त तक्रारी कंपनीने कानाआड केल्या, आणि बँकेकडे वाद घालणाऱ्यांची गेममधली खाती बंद केली. म्हणजे १० लाख वेळा पालथ्या घड्यावर पाणी. पण तेच पाणी पुढे कमिशनच्या घड्यात जमा झालं. डिसेंबर २०२२ मध्ये गिऱ्हाइकांना परत देण्यासाठी कंपनीला २४.५ कोटी डॉलर कबूल करावे लागले.

म्हणून तिकिटाचा नंबर, बिल, स्क्रीनशॉट, त्यांची थातुरमातुर उत्तरं, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. आपल्याकडे ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. दिला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. त्यानेही घोडं पेंड खात असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. आणि गेमने बटणं लपवून, फसवून पैसे काढले असतील तर अर्जात 'डार्क पॅटर्न' हा शब्द जरूर घाला. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असे तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत. ७९९ रुपयांसाठी एवढं कोण करतं? मीही करणार नाही. पण पोराने फोनवर वीस हजार उडवले असतील तर करा.

गर्दीने ओरडायचं असेल तर मागणी एकच ठेवा. २०१७ च्या 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' मध्ये डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला साठ हजार क्रेडिट (गेममधलं चलन) लागत होते. खेळाडूंनी हिशेब मांडला, सुमारे चाळीस तास. गेम आधीच विकत घेतलेल्यांना चाळीस तास! गेमच्या कंपनीने रेडिट या चर्चेच्या साइटवर मानभावी खुलासा केला, त्याला सहा लाखांवर नापसंती पडली. व्हेडरची किंमत पंचाहत्तर टक्क्यांनी उतरली आणि बाजारात यायच्या आदल्या दिवशी गेममधली पैशांची खरेदीच बंद केली. ती पुढच्या वर्षी परत आली, पण फक्त दिसण्या-नटण्याच्या वस्तूंसाठी. 'हेलडायव्हर्स २' चं प्रकरण त्याहून झटपट. मे २०२४ मध्ये सोनीने कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांनाही आपल्या प्लेस्टेशनचं खातं सक्तीचं केलं, स्टीमवर दोन लाखांहून जास्त नकारार्थी रिव्ह्यू पडले आणि तीन दिवसांत माघार. दोन्हीकडे मागणी एका ओळीत मावत होती. 'गेम सुधारा' ही मागणी कोणाला कळत नाही. 'ही सक्ती काढा' ही कळते.

गेम दुरुस्त झाला तर आपला रिव्ह्यूही बदला. ऑफिसात आम्ही बदललेले रिव्ह्यू वेगळे मोजायचो. पॅचवर, म्हणजे गेमच्या दुरुस्तीवर, खर्च केलेला पैसा वसूल झाला, हे वरच्यांना दाखवायला तेवढंच एक साधन आमच्याकडे होतं.

भाच्याच्या तिकिटाला नऊ दिवसांनी पॅच आला. यादीत सतराव्या ओळीवर लिहिलं होतं, संभाषणादरम्यान केलेला सेव्ह उघडताना होणारा क्रॅश दुरुस्त. त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला, दहावीच्या निकालाचा पाठवला होता तसाच. रिव्ह्यू मात्र नापसंतीचाच ठेवला, नुसतं खाली जोडलं: "पूल झाला. आता पाचव्या प्रकरणात घोडा भिंतीत अडकतो, दहापैकी सात वेळा. डावीकडून आलं तर अडकत नाही."