जुन्या निसर्गग्रंथाचं सुटं पान: अस्सल ठसा की नक्कल, कसं ओळखावं

पान पिवळं आहे म्हणजे जुनं आहे, असं कुणी सांगू लागलं की तिथंच हात जोडा. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद एका दुपारात तीनशे वर्षांचा होतो. उलट सतराव्या शतकातला युरोपी कागद चिंध्यांच्या लगद्याचा असायचा. नीट जपलेलं पान आजही पांढरट, मऊ आणि चिवट लागतं. माळ्यावरचा पन्नास वर्षांपूर्वीचा दिवाळी अंक काढून बघा, कोपरा हातात येईल. तो कागद लाकडाच्या लगद्याचा. तेव्हा रंगावरून वय ठरवायचंच नाही.

मी बघत आलोय ती बहुतेक ‘हॉर्टस मलबारिकस’ची पानं, म्हणून उदाहरणं त्याचीच देतो. कोचीचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे यानं करवून घेतलेला हा वनस्पतिग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅमला १२ खंडांत छापला गेला. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य होता, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोकणीही. या तिघांचा नागरी लिपीतला दाखला पहिल्याच खंडात छापलेला आहे. त्यामुळे आपल्याकडे या पानांचं कौतुक जरा जास्त, आणि विकणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक असतं.

सराफाकडं असतं तसं दहापट दाखवणारं भिंग, एक टॉर्च आणि फूटपट्टी घ्या. हात धुऊन कोरडे करा. पांढरे हातमोजे घालू नका. बोटांना कागद कळेनासा होतो आणि कड फाटते.

आधी भिंगातून ठिपके शोधा. रंगीत ठिपक्यांच्या चकत्या दिसल्या तर ते ऑफसेट, म्हणजे आजच्या यंत्रावरची छपाई आहे, पान परत द्या.

मग पान उजेडासमोर धरा. त्या काळच्या कागदात, तो ज्यात करत त्या साच्याच्या तारांच्या खुणा दिसतात: एकमेकींना लगटून असलेल्या बारीक रेघा, आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या ठळक रेघा. युरोपातल्या छापील पुस्तकांत अशा रेघांविना गुळगुळीत कागद आला तो १७५७च्या सुमारास. १६७८चं म्हणून दाखवलेलं पान तसं गुळगुळीत असेल तर फार तर तो चित्र कोरलेल्या जुन्या तांब्याच्या पत्र्यावरून नंतर काढलेला ठसा. रेघा दिसल्या म्हणून लगेच हुरळूनही जाऊ नका, कारण रेघांचा कागद आजही मिळतो. फरक सावलीत असतो. जुन्या हातकागदात ठळक रेघेच्या दोन्ही बाजूंना लगदा जरा जास्त साचलेला असतो, त्यामुळे तिथं धूसर पट्टा दिसतो. यंत्राच्या कागदात रेघ कोरडी आणि एकसारखी असते.

आता खरी गोम.

जो तो सांगतो की चित्राभोवती दाबाची चौकट, म्हणजे पत्र्याच्या कडांची कागदात उमटलेली खूण, दिसली म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरचा अस्सल ठसा. हा सल्ला ऐकूनच मी फसलो. फणसाचं पान होतं, ग्रंथात ज्याला ‘त्साका-मारम’ म्हटलंय ते. ठिपके नव्हते, कागदात रेघा होत्या, भोवती ठसठशीत चौकट होती. पैसे मोजले, घरी आणलं, चार महिने भिंतीवर मिरवलं. मग एका रात्री वीज गेली. टॉर्च घेऊन जाताना उजेड पानावर आडवा पडला, आणि माझ्या लक्षात आलं की शाई कागदावर सपाट बसलीय. रेघांचं छायाचित्र घेऊन ते ऑफसेटवर छापलेलं, आणि चौकट वेगळी दाबून काढलेली. नुसत्या रेघा असल्या की ठिपक्यांची गरजच पडत नाही, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

म्हणून चौकट नाही, रेघ बघायची, आणि तीही अशी. खोलीत अंधार करा. टॉर्च टेबलाला टेकवून उजेड पानावरून जवळजवळ आडवा जाऊ द्या आणि भिंग लावा. तांब्यात कोरलेल्या खाचेत शाई भरतात, ओलसर कागद वर ठेवून रुळाखालून दाबून काढतात. कागद खाचेत शिरून शाई उचलतो, त्यामुळे छापलेली रेघ कागदाच्या वर उभी राहते आणि आडव्या उजेडात तिची बारीकशी सावली पडते. रेघेचा आकारही बघा: केसासारखी निघते, मध्ये फुगते, टोकाला सुईसारखी संपते. फणसाच्या काट्यांची छटा अशा शेकडो रेघांची असते. नकलेत हीच टोकं बोथट होतात आणि दाट जागी रेघा एकमेकींत मिसळून काळा डाग होतो.

चौकटीकडे वळायचं ते त्यानंतर. खऱ्या ठशात चौकटीच्या आतला सगळा कागद दाबानं गुळगुळीत झालेला असतो, बाहेरचा खरखरीत राहतो, आणि पत्र्याच्या कडेला पुसायची राहिलेली शाई अधूनमधून दिसते. माझ्या फणसाला आतबाहेर एकच पोत होता. उलट खऱ्या पानाच्या कडा कापलेल्या असतील तर चौकट मुळीच उरत नाही. आणखी एक लाजिरवाणी गोष्ट: या ग्रंथातली बहुतेक चित्रं जोडपानी आहेत, मधोमध घडी असते. माझ्या पानाला घडीच नव्हती.

फोटोग्रॅव्ह्युअरची नक्कल मात्र मुरलेल्या माणसालाही चकवते. ती छायाचित्र धातूच्या पत्र्यावर उतरवून खरोखरच त्या पत्र्यावरून काढतात, त्यामुळे चौकटही खरी असते. तिथं रेघेची कड बघा. ती सलग नसते, वाळूसारख्या बारीक दाण्यांत तुटलेली दिसते.

सोळाव्या शतकातली चित्रं असतील तर हिशेब उलटा. स्विस निसर्ग अभ्यासक गेस्नरच्या १५५१च्या प्राणिग्रंथातला गेंडा घ्या. तो मूळ जर्मन चित्रकार ड्यूररच्या चित्रावरून घेतलेला, आणि ते चित्र ज्या जनावराचं, ते १५१५ साली गोव्याहून जहाजानं लिस्बनला गेलेलं. हा ठसा लाकडी. तिथं रेघ कागदात रुतते, मागच्या बाजूला उठाव दिसतो, आणि शाई रेघेच्या कडांना दाटते.

एक अपवाद ध्यानात ठेवा, नाहीतर खरं पान सोडून याल. चित्रकार मारिया सिबिला मेरियनच्या, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या किड्यांवरच्या १७०५च्या ग्रंथाच्या काही प्रतींत ओल्या ठशावर दुसरा कागद दाबून घेतलेली चित्रं आहेत. ती उलटी, फिकट आणि बिनचौकटीची असतात, तरीही अस्सलच.

रंगाबद्दल थोडक्यात. ‘हॉर्टस’ सहसा बिनरंगी विकला गेला, तेव्हा रंगीत पान दिसलं तर रंग नंतरचा समजा आणि त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका. इतर ग्रंथांतला हिरवा रंग तपासताना पान उलटून बघा. तांब्यापासून केलेला जुना हिरवा रंग कागदाला जाळतो, आणि मागं चित्रातल्या पानांच्या आकाराचे तपकिरी डाग उमटतात. डाग नसले म्हणून रंग नवाच, असं मात्र नाही.

शेवटी पान बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या निसर्गग्रंथांच्या ऑनलाइन ग्रंथालयातल्या स्कॅनशी ताडून बघा. ते फुकट दिसतं. रेघ न् रेघ जुळायला हवी. पट्टीनं चौकटही मोजा आणि एखाद्या ग्रंथालयानं नोंदवलेल्या मापाशी मिळवून पाहा. नकला बऱ्याचदा लहान केलेल्या असतात.

विकणारा पान फ्रेममधून काढू देत नसेल तर पुढचं काहीच तपासता येत नाही, उठून या. शिवणीकडची कड ताजी, पांढरी आणि सरळ कापलेली दिसली तरी मी घेत नाही. कुणीतरी नुकतंच धड पुस्तक फोडलेलं असतं. आणि पान भारतात घेऊन परदेशातल्या घरी न्यायचा विचार असेल, तर शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. तिकीट काढण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारून घ्या, विमानतळावर वाद घालून उपयोग होत नाही.