पिशवी काढायच्या आधी शिरा बघून घ्या

आमच्या पोळी-भाजी केंद्रात पहाटे पाच ते दहा मी ओट्याशी उभी असते. तीन वर्षं ओटीपोटात डावीकडे दुखायचं. पहिल्या शंभर पोळ्यांपर्यंत काही नाही, मग आतून कुणी खाली ओढतंय असं वाटायला लागायचं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तर ओट्याला पोट टेकवून लाटायचे. दुपारी अर्धा तास आडवी झाले की उतरायचं. नवऱ्याजवळ गेल्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणकायचं, पण हे डॉक्टरांसमोर बोलायला मला दोन वर्षं लागली. सोनोग्राफी नॉर्मल आली आणि गर्भाशयाची पिशवी काढायचा सल्ला मिळाला. जाऊबाईंची काढलेलीच होती, त्यामुळे घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये वाचल्या होत्या, म्हणून मी मात्र अडून बसले.

दुखणं होतं शिरांचं. अंडाशयाकडून रक्त वर नेणाऱ्या शिरेत झडपा असतात. बाळंतपणांत शीर फुगते, झडपा नीट मिटत नाहीत आणि रक्त खाली साचतं. डावी शीर सरळ मोठ्या शिरेला न मिळता डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, म्हणून डावीकडे त्रास जास्त. पायांवर दिसतात त्याच या व्हेरिकोज व्हेन्स, फक्त पोटात. गरोदरपणी जांघेत किंवा योनीच्या बाहेर शिरा फुगल्या असतील तर न लाजता सांगा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन महिने टिपण ठेवा. मी डब्यांच्या हिशेबाच्या वहीतच मागच्या बाजूला लिहायचे: तारीख, किती तास उभी, दुखणं दहापैकी किती, पाळी कधी. ती पानं बघूनच नव्या डॉक्टरीणबाईंनी डॉपलर, म्हणजे शिरांतून रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, लिहून दिली. ही तपासणी नुसती झोपून करून येऊ नका, कारण आडवं झालं की शिरा रिकाम्या होतात. उभं करून किंवा श्वास रोखून पोटाला जोर लावायला सांगून बघतात. माझी डावी शीर ९ मिलिमीटर निघाली. पण शीर फुगलेली दिसली म्हणजे दुखणं तिचंच, असं नसतं. एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं), लघवीचे आजार हे आधी तपासून घ्यायलाच हवं.

बिघडलेली शीर आतून बंद करायच्या उपचाराला एम्बोलायझेशन म्हणतात आणि तो इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे पडद्यावर बघत बारीक नळीने उपचार करणारे डॉक्टर, करतात. त्यांना विचारा: अशा किती केसेस केल्यात? मूत्रपिंडाची किंवा कमरेतली शीर कुठे दाबली गेलीय का? तसं असेल तर उपचार बदलू शकतो. कॉइल (शीर बंद करायला आत बसवतात ती बारीक तारेची गुंडाळी) कोणत्या धातूची? खोट्या कानातल्यांनी तुमचे कान चिघळत असतील तर निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते, ते आधीच सांगा. डायची (शिरा पडद्यावर दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) अ‍ॅलर्जी, मधुमेहाच्या गोळ्या, हेही सांगा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते सांगणारी रक्ततपासणी) आणि गरोदरपणाची तपासणी करून घ्या. कॉइलचे पैसे नगावर लागतात, तेव्हा अंदाजपत्रक लेखी मागा.

माझं मानेतून केलं. काहींचं जांघेतून करतात. तेवढीच जागा बधिर केली, मी जागी होते. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नळी आत गेली, डाय सोडल्यावर अंगात ऊब पसरली. पडद्यावर माझ्या शिरा सुटलेल्या लोकरीच्या गुंड्यासारख्या दिसत होत्या. तीन वर्षं जे कुणाला दिसत नव्हतं ते समोर बघून मला रडू आलं. मग औषधाचा फेस सोडला, तेव्हा पाळीसारखी जोराची कळ आली. वर कॉइल बसवून शीर बंद केली. रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांनी जातं. पिशवी, अंडाशय जागच्या जागी. सव्वा तास लागला, संध्याकाळी घरी.

नंतर चार-पाच दिवस दुखलं, कणकण आली. आठवडाभर कणकेची परात उचलली नाही. धाप लागली, छातीत दुखलं, एक पाय सुजला किंवा ताप चढला तर तडक दवाखाना गाठा. आराम लगेच पडत नाही. मला तिसऱ्या महिन्यात फरक जाणवला, आणि पाळीच्या आधी थोडं अजूनही दुखतं. बऱ्याच जणींना गुण येतो, सगळ्यांना येत नाही, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

कॉइलचं कार्ड मागून घ्या. पुढे एमआरआय करायची वेळ आली तर ते दाखवावं लागतं. माझं रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलंय.