लेटेकमध्ये गणिती चिन्हे लहान-मोठी कशी करावीत

ओळीतला सिग्मा बारीक दिसतो, कंस आतल्या अपूर्णांकाला पुरत नाही. लेटेक या मजकूर-जुळणीच्या संगणक प्रणालीत गणित लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे भेटते. लगेच फॉन्ट वाढवायला जाऊ नका. आधी ते चिन्ह कुठल्या शैलीत बसले आहे ते पाहा.

लेटेक ज्यावर उभे आहे त्या डोनाल्ड कनुथ यांच्या टेक प्रणालीत गणिताच्या चार शैली आहेत: डिस्प्ले (वेगळ्या ओळीवरचे गणित), टेक्स्ट (ओळीतले गणित), स्क्रिप्ट (घातांक) आणि स्क्रिप्टस्क्रिप्ट (घातांकाचा घातांक). मजकूर १० पॉइंटचा असेल तर घातांक ७ पॉइंटचा येतो आणि घातांकाचा घातांक ५ पॉइंटचा. लेटेक हीच व्यवस्था वापरते. (खालच्या कमांड टाइप करताना रोमन लिपीत, आधी बॅकस्लॅश देऊन लिहायच्या.)

सिग्मा किंवा इंटिग्रल मोठे हवे असेल तर त्याच्या आधी डिस्प्लेस्टाइल लिहा. मात्र परिच्छेदाच्या मधोमध असे केले की ओळींमधले अंतर फाकते आणि पान विस्कटलेले दिसते. त्यापेक्षा ते समीकरण वेगळ्या ओळीवर घ्या, सिग्मा आपोआप मोठा होतो. अपूर्णांकासाठी एएमएसमॅथ पॅकेज (जादा कमांडचा संच) जोडा: डीफ्रॅकने तो मोठा येतो, टीफ्रॅकने लहान. एकात एक अपूर्णांक असतील तर सीफ्रॅक वापरा, म्हणजे खालचे थर आकसत नाहीत.

कंसांना जास्त वेळ द्यावा लागतो. लेफ्ट आणि राइट लिहिले की कंस आतल्या मजकुराच्या उंचीप्रमाणे ताणला जातो. ही जोडी एकाच ओळीत पूर्ण व्हायला हवी. एका बाजूला कंस नको असेल तर तिथे कंसाऐवजी पूर्णविरामाचा टिंब द्या. आत सीमांसह सिग्मा असेल, तर लेटेक त्या सीमाही मोजते आणि कंस अवाढव्य होतो. अशा ठिकाणी आकार हातानेच ठरवावा, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी चढत्या क्रमाने चार कमांड आहेत: लहान बीचा बिग, मोठ्या बीचा बिग, मग शेवटी दोन जी असलेले हेच दोन. उघडणाऱ्या कंसाच्या कमांडला शेवटी एल आणि मिटणाऱ्याच्या कमांडला आर जोडायला विसरू नका, त्यामुळे कंसाशेजारची मोकळी जागा नीट राहते.

मथळ्यात अक्षरे मोठी केली तरी नेहमीच्या कॉम्प्युटर मॉडर्न फॉन्टमधला सिग्मा तेवढाच राहू शकतो. त्यावर एक्सस्केल पॅकेज हा उपाय आहे.

घातांकच वाचता येत नसतील तर प्रस्तावनेत, म्हणजे बिगिन डॉक्युमेंटच्या आधी, डिक्लेअर मॅथ साइझेस ही कमांड लिहा. तिचे चार आकडे वेगवेगळ्या महिरपी कंसांत द्यायचे: मजकूर, गणित, घातांक, घातांकाचा घातांक. १०, १०, ८, ६ हे आकडे बहुतेक वेळा पुरतात.

एकच चिन्ह ताणण्यासाठी ग्राफिक्सएक्स पॅकेजमधला स्केलबॉक्स आहे, पण तो अगदी शेवटी वापरा. त्याने चिन्हाच्या रेघाही जाड होतात आणि चिन्ह शेजारच्या अक्षरांच्या मध्यरेषेवरून सरकते.