समांतर रेषांचा चढ आणि समीकरण

दोन रेषा समांतर आहेत की नाहीत, हे आकृती पाहून ठरवू नये. य = २क्ष + १ आणि य = २.१क्ष या रेषा अक्षांजवळ काढल्या तर समांतरच वाटतात, पण (१०, २१) या बिंदूत त्या एकमेकींना छेदतात. निर्णय चढावरूनच घ्यायचा.

चढ म्हणजे क्ष १ ने वाढला की य कितीने बदलतो ती संख्या. रेषेवरचे दोन बिंदू माहीत असतील तर य-निर्देशकांच्या फरकाला क्ष-निर्देशकांच्या फरकाने भागायचे. (−१, ४) आणि (३, −२) घेतले तर (−२ − ४) ÷ (३ + १) = −६/४ = −३/२. वर ज्या बिंदूपासून वजाबाकी सुरू केली, खालीही त्याच बिंदूपासून करायची. क्रम उलटला की चिन्ह बदलते आणि उतरती रेषा चढती होऊन बसते.

आता (२, ५) आणि (६, −१) यांतून जाणारी रेषा पाहा. तिचाही चढ −६/४, म्हणजे −३/२. चढ समान आले, तरी एक तपासणी राहते: या दोन्ही जोड्या एकाच रेषेवर तर नाहीत ना? पहिल्या रेषेवरचा (−१, ४) आणि दुसरीवरचा (२, ५) जोडला तर चढ १/३ येतो. तो −३/२ नाही, म्हणून रेषा वेगळ्या आणि समांतर.

समीकरण दिलेले असेल तर ते य = म·क्ष + क या रूपात आणायचे. म हा चढ, आणि रेषा य-अक्षाला (०, क) मध्ये छेदते. म समान असून क वेगळा असेल तर रेषा भेटूच शकत नाहीत: भेटल्या असत्या तर त्या बिंदूत म·क्ष + क१ = म·क्ष + क२, म्हणजे क१ = क२ मानावे लागले असते. क-ही समान निघाला तर ती एकच रेषा. २क्ष + ३य = ६ आणि ४क्ष + ६य = १२ ही तशी जोडी; दुसऱ्या समीकरणात १२ ऐवजी १५ असते तर रेषा समांतर झाल्या असत्या.

सर्वात जास्त गुण इथे जातात: ३क्ष + २य = ६ चा चढ ३ लिहिला जातो. य एकटा केल्याशिवाय क्षचा सहगुणक म्हणजे चढ नव्हे. २य = −३क्ष + ६, म्हणून चढ −३/२.

दिलेल्या बिंदूतून समांतर रेषा काढायची असेल तर चढ काढण्याचीही गरज नाही. ३क्ष − ४य + ७ = ० ला समांतर आणि (२, −५) मधून जाणारी रेषा हवी आहे. क्ष आणि यचे सहगुणक तसेच ठेवा, फक्त स्थिर संख्या बदलते. बिंदू घाला: ३(२) − ४(−५) = ६ + २० = २६. उत्तर ३क्ष − ४य = २६. ऋण निर्देशक नेहमी कंसात लिहावा, नाहीतर इथे २६ ऐवजी −१४ येते.

या दोन रेषांमधले अंतर किती? य-अक्षावरचे छेद ७/४ आणि −१३/२, त्यांतला फरक ८.२५. पण हे रेषांमधले अंतर नाही, कारण ते य-अक्षाच्या दिशेने मोजले आहे. आपल्याला लंब अंतर हवे. दोन्ही समीकरणांची डावी बाजू सारखी करा: ३क्ष − ४य = −७ आणि ३क्ष − ४य = २६. उजवीकडचा फरक ३३, त्याला √(३² + ४²) = ५ ने भागले की ६.६ एकक.

आडव्या रेषांचा चढ ०, त्यामुळे य = ४ आणि य = −१ समांतर. उभ्या रेषांना वरचा नियम लावता येत नाही. क्ष = ३ या रेषेवर क्ष-निर्देशकांचा फरक ० असतो, शून्याने भागता येत नाही, म्हणून तिला चढच नसतो. तरीही क्ष = ३ आणि क्ष = −२ समांतरच आहेत. उत्तरात ‘चढ ०’ लिहिले तर रेषा आडवी ठरते, म्हणून ‘चढ निश्चित करता येत नाही, दोन्ही रेषा य-अक्षाला समांतर’ असे लिहावे.