चालू मत्स्यटाकीला सम्प जोडताना

मासे असलेल्या जुन्या टाकीला खाली सम्प, म्हणजे टाकीतून उतरणारे पाणी गाळून पंपाने परत वर पाठवणारी दुसरी टाकी, जोडायचा असेल, तर पहिला हिशेब वीज गेल्यावर काय होईल याचा करावा. पंप थांबताच वरचे पाणी ओव्हरफ्लोच्या (पाणी सम्पमध्ये उतरवणाऱ्या मार्गाच्या) कडेपर्यंत आणि पंपाचे पाणी वर आणणाऱ्या परतीच्या पाइपाच्या तोंडापर्यंत खाली उतरते. 90 सेंटिमीटर लांब व 45 सेंटिमीटर रुंद टाकीची पातळी केवळ 3 सेंटिमीटरने घटली तरी सुमारे 12 लिटर पाणी येते आणि तेवढी जागा सम्पमध्ये कायम रिकामी हवी. परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीलगत लहान छिद्र ठेवावे, म्हणजे हवा शिरून सायफन, म्हणजे पाइपातून पाणी आपोआप खाली ओढले जाणे, तुटतो. हे छिद्र शेवाळाने बुजते, म्हणून ते वरचेवर साफ करण्यात अजिबात हयगय करू नये.

भरलेल्या टाकीच्या काचेला भोक पाडण्याऐवजी काठावर टांगायचा ओव्हरफ्लो बॉक्स वापरावा. जुना फिल्टर किमान महिनाभर सुरूच ठेवावा, कारण माशांच्या मलातून येणाऱ्या विषारी अमोनियाचे कमी घातक पदार्थांत रूपांतर करणारे जिवाणू मुख्यतः त्यातील स्पंजवर वसलेले असतात. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा बाष्पीभवनाने घटलेले पाणी सम्पमधील पंपाच्या कप्प्यातच कमी झालेले दिसते. पंप कोरडा पडू नये म्हणून तेथे क्लोरीन काढलेले पाणी रोज भरावे.